नऊशे फूट फिल्म आणि मोलकरणींचा संप

दापोडीच्या एसटी मध्यवर्ती कार्यशाळेत कोण कधी लागलं आणि कधी निवृत्त झालं, हे सांगायला हजेरीपट आहे, सेवापुस्तक आहे. त्याच दापोडीच्या वस्त्यांतून सकाळी धुण्याभांड्याला निघणाऱ्या बायकांच्या नावाचा असा एक कागद सापडणं मुश्कील. पिंपरी-चिंचवडच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहायला बसणारा माणूस पगारवाढीचे करार, गेट मीटिंगचे फोटो, युनियनचे अहवाल गोळा करतो. घरकामगार त्यात सापडत नाही. तिच्या कामाला गेटही नाही आणि करारही नाही.

पुण्यात मात्र एक दस्तऐवज उरला आहे, तोही कागदावरचा नव्हे.

1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगार वाढवा, हक्काची सुट्टी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. त्याच सुमारास दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा फिल्म बनवणारा गट सुरू केला होता. त्यांची पहिली फिल्म म्हणजे 1981ची ‘मोलकरीण’. लांबी 25 मिनिटं, कृष्णधवल, 16 मिलिमीटरवर चित्रित केलेली. पडद्यावर बायका आपल्या कामाबद्दल आणि संघटनेबद्दल स्वतः बोलतात. दुसऱ्या शहरांतल्या घरकामगारांना संघटित करतानाही ही फिल्म दाखवली गेली.

पाठोपाठ 1982मध्ये गट निपाणीला गेला. तिथे तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या हजारो बायका युनियन बांधत होत्या. कॅमेरा सुरू करण्याआधी फिल्मवाल्यांनी जवळपास चार महिने नुसतं ऐकून घेतलं. काय दाखवायचं, कुठे थांबायचं, हे कामगार बायकांशी बोलूनच ठरलं. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या फिल्ममुळे वखारींच्या आतलं काम पहिल्यांदाच पडद्यावर आलं.

अशा फिल्मा जपणं हे वेगळंच कसब आहे. 16 मिलिमीटरची पट्टी मिनिटाला 36 फूट सरकते, म्हणजे 25 मिनिटांच्या फिल्मला 900 फूट पट्टी लागते. चौकटी मोजल्या तर 36 हजार. पट्टीचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा. उष्ण, दमट हवेत तो सडायला लागला की डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास नाकात जातो. मग पट्टी आकसते, वाकते आणि स्कॅनरवर नीट बसेनाशी होते. वास आला की घाई करावी लागते. पट्टी आधी साफ करायची, फाटलेल्या जागा सांधायच्या, मग एकेक चौकट स्कॅन करायची आणि आवाजाची पट्टी वेगळी वाचून घ्यायची. ‘युगांतर’च्या फिल्मांचं डिजिटल पुनरुज्जीवन बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपट-संस्थेत झालं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964पासून पुण्यात आहे. पुण्याच्या मोलकरणींचा संप मात्र जर्मनीत दुरुस्त होऊन परतला.

मुंबईत कष्टकरी बायकांचा इतिहास जपण्याचं हेच काम वेगळ्या वाटेने झालं. 1920च्या दशकात तिथल्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. त्यांतल्या बहुतेकजणी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत. पुढे हे प्रमाण घसरत गेलं आणि गिरणी कामगार म्हणजे पुरुष, असंच चित्र मागे राहिलं. गिरणी कामगारांच्या नेत्या उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘पण ऐकतं कोण?’ असं नाव दिलं, त्यात नवल नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभरेक लोकांच्या मुलाखतींतून जो मौखिक इतिहास 2004मध्ये इंग्रजीत आणला, तोच पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीत आला. त्यात गिरणीतल्या बायका आहेत, चाळीतल्या खानावळवाल्या आहेत. 1988मध्ये सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हा स्त्रियांचा ध्वनी-चित्र संग्रह उभा केला. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, छायाचित्रं, पोस्टर हेच तिथले मूळ दस्तऐवज.

पुणे-पिंपरी पट्ट्यात कागदही तयार झाला, पण तो संघर्ष करून. 1993मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य कचरावेचक बायका. 1995-96मध्ये पंचायतीच्या ओळखपत्रांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मान्यता मिळाली. रस्त्यावर कुणी चोर म्हणून हटकलं तर बाई ते कार्ड पुढे करू शकायची. आज ते संग्रहात ठेवण्याजोगं आहे: फोटो, नाव, संघटनेचं नाव आणि पालिकेची मान्यता, सगळं एकाच तुकड्यावर. पुढे घरकामगारांसाठी 2008चा कल्याण मंडळाचा कायदा झाला आणि 18 ते 60 वयाच्या बायकांना नोंदणीची सोय मिळाली. मालकाच्या हजेरीपटावर जी कधीच आली नाही, तिचं नाव निदान सरकारदरबारी लागण्याची वाट उघडली.

1980च्या संपात तिशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्याकडे जायला बर्लिनच्या यंत्रसामग्रीची गरज नाही, मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. पण मुलाखतीसोबत तिचं पूर्ण नाव, गाव, वस्ती, तारीख आणि हे ध्वनिमुद्रण कुठे ठेवायचं याची तिची संमती एवढं लिहून घ्यावं लागतं. मोर्चाच्या जुन्या फोटोवरही हीच मेहनत करायची. फोटोच्या मागे बहुधा पुढाऱ्याचंच नाव असतं. शेजारच्या चार बायका कोण, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या अजून वस्तीत आहेत.