कोंबडी-वड्यांतली सोयापेंड

मालवणात वड्यांबरोबर गावठी कोंबड्याची सागोती मिळाली तर उत्तमच. पण पर्यटकांच्या हंगामात खानावळींत बहुतेक ब्रॉयलरच शिजतो आणि त्याचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड. ऑगस्ट २०२१मध्ये पेंडेचे भाव भडकले, तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला पहिल्यांदाच परवानगी दिली. न्हावाशेवा बंदर त्यासाठी खुलं झालं. पेंड काही रुजत नाही, म्हणून पर्यावरण खात्याची हरकत नव्हती. आपला भाव पडेल म्हणून सोयाबीन उत्पादक चिडले. ती पेंड खाल्लेली कोंबडी आपल्या ताटात आली का, हे गिऱ्हाइकाला कळायची सोय मात्र कुठेच नव्हती.

त्या सागोतीला भिण्याचं कारण मला दिसत नाही. पेंडेतली प्रथिनं कोंबडीच्या पोटात इतर खाद्यासारखीच पचतात. सरकीच्या तेलाचंही तसंच. २००२पासून देशात बीटी हा जीएम कापूस आहे आणि त्याच्या सरकीचं तेल आपण खातो. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही.

वांगं मात्र आपण अख्खं खातो. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने बीटी वांग्यात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलं. त्यातून बनणारं प्रथिन शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीच्या आतड्यावर घाव घालतं. माणसाच्या आम्लधर्मी जठरात ते तुटून जातं. ऑक्टोबर २००९मध्ये तज्ज्ञ समितीने या वांग्याला मंजुरी दिली. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. बांगलादेशात २०१४पासून शेतकरी हेच वांगं पिकवतात.

विज्ञान वांग्याच्या बाजूने झुकतं, असं मला वाटतं. तरी रमेश यांचा एक आक्षेप मला पटतो: विकणाऱ्याच्या चाचण्यांवर भिस्त ठेवून लोकांना खाऊ घालू नये, स्वतंत्र तपासणी हवी. इतक्या वर्षांत ती झाली असती, तर आज नुसत्या शंकेवर भांडावं लागलं नसतं. दुसरा मुद्दा पोटाचा नाही, परसाचा आहे. वांग्याच्या असंख्य जाती आपल्याकडच्या. कोकणात घरोघरी मागच्या दारी जुनी वांगी लावतात आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षाला ठेवतात. शेजारच्या शेतातून मधमाशीने आणलेला पराग त्या बियाण्यात उतरला, तर उंदरांना खाऊ घालून केलेल्या चाचणीत ते दिसणार नाही.