चिनी ड्रॅगन आग ओकत नाही, पाऊस पाडतो

'हॅरी पॉटर'च्या चौथ्या भागात व्हिक्टर क्रमच्या वाट्याला येतो तो 'चायनीज फायरबॉल' हा ड्रॅगन. नावातच चीन आणि आग! अशी पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना वाटतं, चिनी ड्रॅगन म्हणजे युरोपातलाच आग ओकणारा, पंखवाला राक्षस. फक्त रंगरूप निराळं. दोष मुलांचा नाही. दोन वेगळ्या प्राण्यांना इंग्रजीने एकच नाव दिलं, तिथेच घोळ झाला.

चिनी भाषेत तो 'लुंग'. नद्या, समुद्र, ढग आणि पाऊस हा त्याचा कारभार. अंग सापाचं, शिंगं हरणाची, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या. यिंगलुंगसारखे अपवाद सोडले तर त्याला पंख नसतात, तरी तो उडतो. दुष्काळ पडला की लोक त्यालाच साकडं घालत.

मग तो सदा कृपाळूच का? तसंही नाही. 'पश्चिमेची यात्रा' या मिंग काळातल्या कादंबरीत चिंग नदीचा ड्रॅगन-राजा एका ज्योतिष्याशी पैज लावतो. उद्या किती पाऊस पडेल, हे ज्योतिषी आधीच सांगतो: तीन फूट, तीन इंच आणि वर अठ्ठेचाळीस थेंब. स्वर्गातून हुकूमही नेमका तेवढ्याचाच येतो. पैज जिंकायची म्हणून ड्रॅगन-राजा पावसाची वेळ बदलतो, तीन इंच आणि आठ थेंब कमी पाडतो. शिक्षा? शिरच्छेद! तोही सम्राटाचा मंत्री वेई चंग झोपेत, स्वप्नात जाऊन करतो. मला ही कथा फार मोलाची वाटते. एवढा बलाढ्य प्राणी, पण आठ थेंबांचाही हिशेब त्याला चुकत नाही. आगीच्या लोळापेक्षा हे कितीतरी अद्भुत आहे.

मुलांसाठी लिहिणाऱ्या काही लेखकांनी हा लुंग नीट ओळखला आहे. ग्रेस लिन यांच्या 'व्हेअर द माउंटन मीट्स द मून' (२००९) मध्ये मिनली या मुलीला भेटतो तो राक्षस नव्हे, तर उडता न येणारा ड्रॅगन. कॅरोल विल्किन्सन यांची 'ड्रॅगनकीपर' (२००३) थेट हान राजवटीत घडते.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे, हाही गैरसमजच. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना 'नाग' या शब्दासाठी 'लुंग' योजला गेला. समुद्रतळी राजवाड्यात राहणाऱ्या नागराजांच्या कल्पनेने चिनी कथांमधल्या ड्रॅगन-राजांना घडवलं. 'पश्चिमेची यात्रा' ज्याच्या प्रवासावर रचली, तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रात येऊन गेला.

मुलांना घेऊन अजिंठ्याला जाल तेव्हा एकोणिसाव्या लेण्याबाहेर थोडं थांबा. तिथे नागराज आणि त्याची राणी शेजारी शेजारी बसलेली आहेत. लुंगच्या या जुन्या नातलगांची ओळख मुलांना तिथेच करून द्या.