मूत्रपिंडविकाराची चाहूल

मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता निम्म्याहून अधिक घटली तरी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही, आणि या विकाराचा खरा धोका इथेच आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या बिघडू लागल्या, की एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते व तिच्यावर लवकर न विरणारा दाट फेस दिसतो. सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज, घोट्यावर बोटाने दाबल्यास राहणारा खळगा आणि रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे ही लक्षणे वयाच्या नावावर खपवली जातात, हे दुर्दैव होय. मळमळ, खाज, धाप ही तर फार उशिराची. म्हणून मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षणांची वाट न पाहता दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंमध्ये तयार होणारे टाकाऊ द्रव्य, तपासून घ्यावे.