लावणी: पाहण्याआधी ऐकण्याची

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातलं चौफुला आलं की कला केंद्रांच्या पाट्या दिसू लागतात. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून येणारा रस्ताही इथंच मिळतो. या पाट्यांविषयी आपल्याकडे बोलतात सगळेच, आत जाऊन गाणं ऐकलेले थोडे.

‘चौफुल्याला तमाशा असतो’ हा पहिला गैरसमज. तिथं असते संगीतबारी. ढोलकीफडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगावच्या जत्रांना फिरतो. गण, गवळण, बतावणी, वग असा त्याचा क्रम. संगीतबारीत वग नसतो. एकेक पार्टी आपल्या पाळीला रंगमंचावर येते. पेटी, तबला, ढोलकी आणि बायकांचं गाणं-नाचणं.

दुसरा गैरसमज फार खोल रुजलाय: लावणी म्हणजे नाच, गाणं आपलं मागं वाजत असतं. सिनेमानं आणि रेकॉर्डवरच्या शोनं तो पक्का केला. संगीतबारीच्या परंपरेत गाणारी समोर असते, आणि पुष्कळदा अदाही तीच करते. बैठकीच्या लावणीत तर ती जागची उठतही नाही. एकच ओळ आधी लाडानं घेते, मग रुसून, मग टोमणा मारून. हलते फक्त नजर, भुवई, पदराचं टोक. ओळीचा अर्थ पुरता पोचेपर्यंत तबला दबून राहतो, मगच चढतो. लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच गाण्या-अदेच्या जोरावर.

लावणी नेहमी उडत्या चालीची, हेही खरं नाही. राजा बढे यांची, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेली ‘कळीदार कपुरी पान’ ऐका. ती गाणाऱ्या सुलोचना चव्हाणांना आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं. अनेकांना वाटतं, त्या नाचत असतील. त्या अंगभर पदर लपेटून नुसत्या गायच्या, आणि तेवढ्यानं सभागृह डोलायचं.

नाचाच्या झगमगाटात आवाज हरवणं परदेशातही घडलं. अमेरिकेतल्या डिस्कोला बळ दिलं ते चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या कृष्णवर्णीय गायिकांनी. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं ‘राइड ऑन टाइम’ जगभर गाजलं. त्यातला आवाज अशाच एका गायिकेच्या, लोलिएटा हॉलोवेच्या, १९८० च्या रेकॉर्डवरून उचललेला होता. पडद्यावर ओठ हलवत होती भलतीच मॉडेल. मार्था वॉश या गायिकेच्या आवाजावरही अशाच दुसऱ्या बायका मिरवल्या. ती कोर्टात गेली, तेव्हा कुठं तिचं श्रेय तिला मिळालं.

आपल्या गायिकांवर तशी वेळ कशाला यावी? शिरूर-दौंडच्या यात्रा कमिट्यांना एवढंच सांगणं आहे: लावणीचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा रेकॉर्ड नको, गाणारी बाई हवी असं सुपारी देतानाच सांगा. आणि पत्रिकेवर नाचणारीच्या बरोबरीनं गाणारीचं आणि ढोलकीवाल्याचं नावही छापा.