लॅपटॉपची निगा व नागपूरचा उन्हाळा

विद्येचीं साधनें काळानुसार पालटत असतात. पाटीची जागा वहीनें घेतली. आणि २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हांपासून कित्येक घरांत वहीशेजारीं लॅपटॉप येऊन बसला. पुष्कळ कुटुंबांत तो मोठ्या काटकसरीनें घेतलेला असतो, व दोन-तीन भावंडें त्यावरच पाळीपाळीनें अभ्यास करितात. तो अकालीं बिघडला तर घराचें व अभ्यासाचें दोन्ही गणित चुकतें. म्हणून त्याच्या निगेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लॅपटॉपचा मुख्य शत्रु उष्णता होय. त्यांत खर्च होणारी बहुतेक सर्व वीज अखेर उष्णतेचेंच रूप घेते. ती बाहेर टाकण्यासाठीं आंत लहानसा पंखा असतो. तो बहुधा बुडाच्या जाळींतून हवा ओढतो व कडेच्या किंवा मागच्या फटींतून बाहेर सोडतो. परंतु बाहेरची हवाच तापलेली असेल तर पंख्यानें काय करावें? अ‍ॅपल कंपनीनें आपल्या मॅकबुकसाठीं भोंवतालच्या हवेची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितली आहे. आपल्या नागपुरांत तर मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत सहज चढतो. २३ मे २०१३ रोजीं तो ४७.९ अंशांवर गेला होता. आंतील मुख्य चिप शंभर अंशांच्या जवळपास तापली कीं ती आपण होऊनच आपला वेग कमी करिते. म्हणून भर दुपारीं यंत्र रेंगाळूं लागलें, तर व्हायरस शिरला असा तर्क एकदम करूं नये. तें बहुधा स्वतःचें रक्षण करीत असतें.

यावर उपाय सोपे आहेत. गादीवर अगर उशीवर लॅपटॉप कधींही ठेवूं नये. कापूस उष्णता कोंडतो व जाळीचें तोंडही बंद करितो. मेज नसेल तर जेवणाचा लांकडी पाट पुरेसा आहे. जड कामें सकाळीं उरकावीं. सीताबर्डीस खरेदीला जातांना उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत किंवा स्कूटरच्या डिकींत तो ठेवून जाऊं नये.

कूलरविषयींही विवेक हवा. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं येथें सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्यें पुढें हवेंत ओलावा राखण्याचीं यंत्रें बसविलीं होतीं. कारण कोरड्या हवेंत सूत तुटतें. सुतास मानवणारा ओलावा विजेच्या यंत्रास मानवत नाहीं. कूलरनें खोली थंड होते हें हिताचेंच. मात्र त्याच्या झोतांतील तुषार व त्यांतील क्षार यंत्रावर पडूं नयेत, म्हणून लॅपटॉप झोतापासून बाजूस ठेवावा.

सफाई करतांना यंत्र बंद करून चार्जर काढावा. पडद्यावर पाणी थेट शिंपडूं नये. मऊ फडकें किंचित ओलें करून हळूच पुसावें. आंतील पंख्यावरील धूळ वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून काढवावी.

दोन लहरी मात्र ओळखून ठेवाव्या. चार्जर लाविला असतां धातूच्या कवचास हात लागून मुंग्या येत असतील, तर बहुधा अर्थिंगचा अभाव हें कारण असतें. तीन पिनांचा प्लग व घरांतील अर्थिंग तपासून घ्यावें. दुसरी लहर धोक्याची आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली व तिच्या शोधाबद्दल २०१९ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें; परंतु उष्णतेनें ती लवकर झिजते व कधीं कधीं फुगते. टचपॅड वर उचलला गेला किंवा झांकण नीट मिटेनासें झालें, तर यंत्र तत्काळ बंद करावें, चार्ज करूं नये, बॅटरी दाबूं अगर टोंचूं नये, व तें कारागिराकडे न्यावें. अशा वेळीं परीक्षा जवळ आहे म्हणून काम रेटणें म्हणजे आगीशीं खेळ होय. मुलांनीं ही गोष्ट वडिलांपासून लपवूं नये, आणि वडिलांनींही ऐकतांच रागावूं नये.

विद्यार्थिमित्रहो, जी वस्तु आईबापांच्या कष्टांतून आपल्या हातीं आली, तिचे आपण केवळ कारभारी आहों. तिला मोकळी हवा, स्वच्छ जागा व वेळेवर विसांवा द्यावा. म्हणजे आपल्यामागून धाकट्या भावंडांच्याही ती उपयोगीं पडेल.