पैसा कुणाचा, सनद कुणाची?

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा 2004 चा मदरसा शिक्षण मंडळ कायदा वैध ठरवला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचा त्याच वर्षीच्या मार्चमधला निकाल रद्द केला. 'मदरशांना दिलासा' असे मथळे सगळीकडे झळकले. ते चुकीचे नाहीत. मात्र बातम्यांनी दोन-चार ओळींत उरकलेला भागच या निकालात सर्वांत दूरगामी आहे. बारावीच्या तोडीच्या आलिम परीक्षेपर्यंत मंडळाचा अधिकार शाबूत राहिला. कामिल आणि फाजिल या पदवी व पदव्युत्तर पातळीच्या परीक्षा मात्र गेल्या. पदवी कुणी द्यायची हे विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा ठरवतो, राज्याचं मदरसा मंडळ नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

आपल्याकडे त्याच्या आदल्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मदरशांत शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचं मानधन 6 हजारांवरून 16 हजार आणि बी.एड. शिक्षकांचं 8 हजारांवरून 18 हजार केलं. निवडणूक तोंडावर असल्याने त्यावर व्हायची ती चर्चा झाली. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की दोन प्रश्न समोर येतात: शिकवण्याचा खर्च कोण उचलतो, आणि शिकून झाल्यावर दाखला कोण देतो? मदरशांचा हजार वर्षांचा इतिहास याच दोन प्रश्नांवर वळणं घेत आला आहे. 'मदरसे मध्ययुगात अडकलेत' हे वाक्य टीव्हीवर रोज ऐकू येतं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

सुरुवातीच्या शतकांत या शिक्षणाला स्वतःची इमारतही नव्हती. मशिदीत खांबाला टेकून उस्ताद बसायचा, भोवती शागीर्दांचं कडं. ग्रंथ ऐकायचा, उतरवून घ्यायचा, चुका सुधारत परत वाचून दाखवायचा. समाधान झालं की उस्ताद इजाजत लिहून देई: हा ग्रंथ याने माझ्याकडे वाचला आहे, आता तो पुढे शिकवू शकतो. तिच्यात उस्तादाच्या उस्तादाचं नाव येई आणि साखळी मूळ ग्रंथकारापर्यंत जाई. संस्थेचं नाव कुठेच नसे. दाखला व्यक्तीकडून व्यक्तीला मिळत असल्याने बायकाही या साखळीत होत्या. चौदाव्या शतकात दमास्कसच्या जैनब बिन्त अल-कमाल हदीस (पैगंबरांची वचनं) शिकवत आणि पुरुष विद्यार्थी त्यांच्याकडून इजाजत घेत. मुस्लिम मुलींच्या शिक्षणावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे नाव लक्षात ठेवायला हवं.

पैशाचा प्रश्न अकराव्या शतकात आला. सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने बगदादला निजामिया मदरसा उभारला. शिक्षकाला पगार, विद्यार्थ्याला राहणं-जेवण, आणि खर्चासाठी वक्फ जमिनींचं उत्पन्न. 1091 मध्ये इमाम गजाली तिथे शिकवू लागले आणि चारच वर्षांत ते मानाचं पद सोडून निघून गेले. राज्यकर्त्यांच्या पैशावर ज्ञान किती मोकळं राहतं, हा पेच त्या काळापासूनचा.

आपल्या जवळचं उदाहरण बिदरचं. उदगीरहून सीमा ओलांडली की बिदर येतं. तिथे बहमनी वजीर महमूद गावानने 1472 मध्ये बांधलेला मदरसा अजून उभा आहे. तीन मजले, इराणी धाटणीची कमानदार दालनं आणि वाचलेल्या एका मिनारावर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे तुकडे. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणाऱ्या या गावानला त्याच्याच मोहरेच्या बनावट पत्रावरून 1481 मध्ये मृत्युदंड झाला. पुढे बहमनी राज्य फुटलं, मदरशाचा आधार गेला. मोगल काळात तिथे दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग ढासळला.

आता लखनौला येऊ. आज भारतातल्या बहुतेक मदरशांत जो अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने चालतो, तो इथला. सिहाली गावचे विद्वान मुल्ला कुतबुद्दीन यांचा जमिनीच्या भांडणात खून झाला, घर जाळलं गेलं. औरंगजेबाने त्यांच्या मुलांना लखनौमधली एका युरोपीय व्यापाऱ्याची हवेली दिली. तीच फिरंगी महल. या मुलांपैकी निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांनी जो पाठ्यक्रम बसवला तो दर्स-ए-निजामी. बगदादच्या निजाम-उल-मुल्कशी त्याचा संबंध नाही. दोघांत साडेसहाशे वर्षांचं अंतर आहे.

या पाठ्यक्रमात कुराणभाष्याचे दोनच ग्रंथ, त्यातला एक अर्धवट. हदीसचा एकच संग्रह, मिश्कात. याउलट मंतिक म्हणजे तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, व्याकरण यांची रास. बिहारच्या मुहिब्बुल्लाह यांचा तर्कशास्त्रावरचा 'सुल्लम-उल-उलूम' त्यात होता आणि युक्लिडची भूमितीही होती. मोगल दरबाराला काझी हवे होते, मुफ्ती हवे होते, दिवाणी कारभार पाहणारी, कागद वाचून त्यातली गोम ओळखणारी माणसं हवी होती. दर्स-ए-निजामी ती माणसं घडवत होता. आजच्या भाषेत तो रोजगाराभिमुख अभ्यासक्रम होता, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी. अशा पाठ्यपुस्तकाची शिळाछापाची प्रत उघडली तर पानाच्या मधोमध मूळ मजकूर, म्हणजे मतन. ओळींच्या मध्ये बारीक अक्षरांत शब्दांचे खुलासे. आणि चारी बाजूंच्या समासात तिरक्या ओळींची हाशिया, म्हणजे नंतरच्या विद्वानांनी घेतलेले आक्षेप आणि दिलेली उत्तरं. विद्यार्थ्याने आदल्या रात्री ते पान स्वतः सोडवायचा प्रयत्न करायचा, याला मुताला म्हणतात. सकाळी उस्तादासमोर अरबी मजकूर मोठ्याने वाचायचा. जेर-जबर (स्वरचिन्हं) चुकलं की उस्ताद तिथेच थांबवणार. संध्याकाळी चार-पाच जणांनी गोल बसून, त्यातल्या एकाने पुन्हा तोच पाठ शिकवायचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं, ही तकरार. घोकंपट्टी तिथे शिरली हे खरं, आणि ती भरपूर शिरली. मूळ रचना मात्र वाद घालायला शिकवणारी होती.

ईस्ट इंडिया कंपनीने सुरुवातीला हाच पाठ्यक्रम उचलला. वॉरन हेस्टिंग्जने 1780 मध्ये कलकत्त्याला मदरसा काढला, कारण कंपनीच्या न्यायालयांना मुस्लिम कायदा जाणणारे अधिकारी हवे होते. मग गणित बदललं. 1837 मध्ये फारसीचं सरकारी भाषेचं स्थान गेलं. 1864 मध्ये न्यायालयांतली काझी-मुफ्तींची पदं रद्द झाली. सत्तावीस वर्षांत मदरशाच्या सनदेची बाजारातली किंमत शून्यावर आली. मदरशाने दुनियादारीकडे पाठ फिरवली असं आपण म्हणतो. आधी कुणी कुणाकडे पाठ फिरवली, हे तारखा सांगतात.

1857 च्या कत्तली ताज्या असताना, 30 मे 1866 रोजी देवबंदच्या छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली एक शिक्षक आणि एक विद्यार्थी बसले. मौलाना कासिम नानौतवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की नवाब नको, सरकार नको. लोकांच्या लहान-लहान वर्गणीवर संस्था चालेल. त्याच वेळी वर्ग, ठरलेला पाठ्यक्रम, लेखी परीक्षा, वार्षिक अहवाल, पदवीदान हे सगळं त्यांनी इंग्रजी कॉलेजांच्या धर्तीवर उभारलं. नोकरीचा प्रश्नच उरला नसल्याने अभ्यासक्रमाचा तोलही पालटला: तर्कशास्त्र मागे गेलं आणि हदीसचे सहा संग्रह शेवटच्या वर्षाचा कळस झाले. ज्याला आपण 'पारंपरिक मदरसा' म्हणतो तो असा एकोणिसाव्या शतकातला, रेल्वे, मनिऑर्डर आणि छापखान्याच्या जमान्यातला आहे. त्याची पुस्तकं छापण्यात लखनौचे मुन्शी नवलकिशोर या हिंदू मुद्रकाचा वाटा फार मोठा होता.

डाळिंबाखालचा तो पहिला विद्यार्थी महमूद हसन. पुढे ब्रिटिशांनी त्यांना माल्टाच्या कैदेत ठेवलं, आणि सुटून आल्यावर, मृत्यूच्या महिनाभर आधी, 1920 मध्ये त्यांनी अलीगढला जामिया मिलियाची पायाभरणी केली. देवबंद आणि आधुनिक विद्यापीठ यांच्यात भिंत आहे असं मानणाऱ्यांनी हा एक माणूस तरी विसरू नये.

महाराष्ट्रातही ही भिंत ओलांडण्याचा मोठा प्रयोग झाला आहे, तोही सातपुड्याच्या पायथ्याशी. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेल्या जामिया या मदरशाच्या आवारात हाफिज (कुराण मुखोद्गत असलेले) घडतात आणि शेजारी औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज चालतं; जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ याच संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. वस्तानवी जानेवारी 2011 मध्ये थेट देवबंदचे मोहतमिम (प्रमुख) निवडले गेले. गुजरातविषयीच्या एका मुलाखतीवरून वाद पेटला आणि जुलैमध्ये त्यांना जावं लागलं. वादाचं निमित्त काहीही असो, देवबंदने त्या वर्षी मोठी संधी घालवली असं माझं स्पष्ट मत आहे. सुधारणा बाहेरून लादली जाते तेव्हा विरोध समजू शकतो. ती आतून, पगडी बांधलेल्या माणसाकडून येत होती.

आणि प्रमाणाचंही भान हवं. सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितलं की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम 3 टक्के मदरशांत जातात. उरलेली सरकारी आणि खासगी शाळांत आहेत, किंवा शाळेबाहेर. त्यांची चर्चा आपण मदरशांइतकी करत नाही, हे मला खटकतं.

पण त्या 3 टक्क्यांचं काय? राज्याने गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला 18 हजार दिले, हे योग्यच झालं. न्यायालयाने पदवीचा अधिकार विद्यापीठांकडे ठेवला, तोही तर्काला धरून आहे. मधल्यामध्ये अडकली ती तेव्हा कामिल-फाजिलच्या वर्गांत बसलेली मुलं. त्यांना वाऱ्यावर सोडण्याचं कारण नाही, कारण वाट आखलेली आहे. हेस्टिंग्जचा तो कलकत्ता मदरसा पश्चिम बंगालने 2007 च्या कायद्याने आलिया विद्यापीठ केला. तिथे इस्लामी अध्ययनाबरोबर अभियांत्रिकीही शिकता येते आणि पदवी देशभर चालते. अलीगढला मदरशातून येणाऱ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम आहे. हे उत्तर प्रदेशाने करावं आणि महाराष्ट्रानेही मानधनाच्या पुढे जाऊन करावं: आलिम झालेल्या मुलाला आपल्या विद्यापीठांत अरबी, फारसी, इतिहास, कायदा यांना थेट प्रवेश, सोबत वर्षभराचं इंग्रजी आणि मराठी. येत्या जूनपासून एका विद्यापीठाने जरी हे सुरू केलं, तरी चालेल.