घोरणे हे सुखनिद्रेचे लक्षण नव्हे

घरातील कर्ता पुरुष रात्री घोरू लागला, की दिवसभराच्या श्रमांनंतर त्यास गाढ झोप लागली, असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक आता आवरते घेतले पाहिजे. घोरता घोरता श्वास थांबावा, क्षणभर भयाण शांतता पसरावी आणि गुदमरल्यासारखा आवाज करून माणसाने पुन्हा श्वास ओढावा, ही सुखनिद्रा नव्हे. ती व्याधी होय. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. तासाला ३० वा अधिक वेळा असे घडल्यास रोग तीव्र मानतात. रक्तदाब, हृदयविकार आणि वाहन चालविताना येणारी जीवघेणी डुलकी हे त्याचे सोबती. मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वासाचा दोष आढळला. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली निवर्तले, तेव्हा याच विकाराचे नाव घरोघरी पोहोचले.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याचा उपाय जगापुढे मांडला. प्रारंभी एकदा ठरविलेला दाब रात्रभर तोच राही. आताचे स्वयंनियंत्रित यंत्र प्रत्येक श्वासाचा प्रवाह आणि घोरण्याचे कंपन टिपून, साधारणतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर या मर्यादेत, दाब आपणच कमीजास्त करते. रोगी कुशीवर असता दाब कमी, उताणा होताच अधिक. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

परंतु यंत्र शहाणे झाले म्हणून वैद्याची गरज सरली काय? येथे आम्हांस हैदराबादचे स्मरण होते. निजामाच्या आश्रयाने तेथे १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा सिद्धान्त असा, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून नाडी सोडा, श्वासावर नजर ठेवा. आयोगांनी त्यास दुजोरा दिला. श्वासावर लक्ष ठेवण्याचा धडा मोलाचाच होता. पण क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांनी प्रयोगाने दाखविले. जे आपण पाहतो त्यापलीकडेही रोगी असतो, हा हैदराबादचा खरा बोध.

स्वयंनियंत्रित यंत्रही श्वासच पाहते. ज्याचे हृदय दुबळे आहे, अथवा ज्याचा मेंदूच श्वासाची आज्ञा देण्यास चुकतो, त्यास हे यंत्र तपासणीवाचून देणे धोक्याचे. म्हणून दुकानातून परस्पर यंत्र आणून नाकास लावणे हा उपचार नव्हे. आधी रात्रीची निद्रातपासणी, मग वैद्याचा निर्णय आणि नंतर यंत्र, हाच क्रम हवा.

हा क्रम सामान्यांच्या आवाक्यात आणणे सरकारचे कर्तव्य होय. जिल्हा रुग्णालयांतून अल्पखर्चात निद्रातपासणी मिळावी, गरजूंस यंत्र सवलतीने वा भाड्याने द्यावे आणि रात्री बस व मालमोटारी हाकणाऱ्या चालकांची तपासणी प्रथम व्हावी. आमच्या किनारपट्टीवर पावसाळी वाऱ्याने वीज गेली, की यंत्रही बंद पडते, याचाही विचार व्हावा.

आणि घरच्यांनीही एक करावे. शेजारच्या अंथरुणावरील घोरणे मध्येच थांबले, तर हायसे वाटून कूस बदलू नये. जागे राहून श्वास ऐकावा.